घनता बदलते तरी कधी? वस्तुमान, आकारमान आणि एका सूत्राचा गुंता

अर्धविराम

भाचीला विज्ञान शिकवतोय. घनता = वस्तुमान ÷ आकारमान हे तिला पाठ आहे, उदाहरणंही पटापट सोडवते. पण गणितात नुकताच समप्रमाण-व्यस्तप्रमाणाचा धडा झालाय, त्यामुळे तिने सूत्राकडे जरा रोखून बघितलं आणि विचारलं, "यात घनता वस्तुमानाच्या समप्रमाणात आहे ना? मग लोखंडाच्या मोठ्या ठोकळ्याची घनता छोट्यापेक्षा जास्त का नाही?"

आकारमानही तेवढ्याच पटीने वाढतं, म्हणून फरक पडत नाही, असं सांगितलं. त्यावर दोन प्रश्न आले. एक, मग घनता बदलते तरी कधी? दोन, वस्तुमान तराजूवर मोजतात, आकारमान मोजपात्रात. घनता मात्र भागाकार करून काढतात. म्हणजे ती खरोखरची काही गोष्ट आहे की नुसता हिशोब?

दुसऱ्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते जाणकारांनी सांगावं.

लंबक

भाचीचा पहिला प्रश्न वाटतो त्यापेक्षा चांगला आहे. 'समप्रमाणात' म्हणताना तिसरी राशी जागची हलत नाही असं गृहीत धरावं लागतं, आणि ते आपण मुलांना सांगतच नाही. सूत्रात राशी तीन आहेत. कोणती स्थिर धरली त्यावर सगळं वाचन बदलतं.

आकारमान सारखं ठेवून पदार्थ बदला: ज्याची घनता जास्त त्याचं वस्तुमान जास्त. वस्तुमान सारखं ठेवून पदार्थ बदला: एक किलो ॲल्युमिनियमला सुमारे ३७० घन सेंमी जागा लागते, लोखंडाला १२७, सोन्याला जेमतेम ५२. आणि पदार्थ तोच ठेवून तुकडा लहानमोठा केलात तर घनता स्थिर; वस्तुमान आणि आकारमान एकमेकांच्या समप्रमाणात. ठोकळ्याच्या प्रश्नात ही तिसरी परिस्थिती आहे आणि भाची तिथे पहिलीचा नियम लावते आहे.

तिला आलेख काढायला सांगा. आडव्या अक्षावर आकारमान, उभ्यावर वस्तुमान. लोखंडाचे कितीही तुकडे मोजा, सगळे बिंदू शून्यातून जाणाऱ्या एकाच सरळ रेषेवर पडतील. ॲल्युमिनियमचे बिंदू दुसऱ्या, कमी चढाच्या रेषेवर. त्या रेषेचा चढ म्हणजे घनता: लोखंडाची ७.८७, ॲल्युमिनियमची २.७० ग्रॅम प्रति घन सेंमी. तुकडा मोठा घेतला की आपण त्याच रेषेवर वर सरकतो, चढ बदलत नाही. वस्तुमान आणि आकारमान तुकड्याचं असतं, घनता पदार्थाची.

आगाऊ

एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड? खुर्ची टाकून बसलोय.

तराजूकाटा

आगाऊ, खुर्ची सोडू नका, कारण 'दोन्ही सारखेच' हे उत्तर तराजूला मान्य नाही.

आपण वजन हवेत करतो आणि हवाही द्रव पदार्थांसारखीच वस्तूला वर उचलते. एक लिटर हवेचं वस्तुमान साधारण १.२ ग्रॅम. एक किलो लोखंड ०.१२७ लिटर हवा बाजूला सारतं, म्हणजे त्याला सुमारे ०.१५ ग्रॅमची उचल मिळते. कापसाच्या तंतूची घनता दीडच्या आसपास, म्हणून एक किलो कापूस दोन तृतीयांश लिटर हवा सारतो आणि त्याला ०.८ ग्रॅमची उचल मिळते. वस्तुमान तंतोतंत सारखं असेल तर संवेदनशील तराजू लोखंडाच्या बाजूने सहासात दशांश ग्रॅमने झुकेल. उलट काटा मधोमध आला असेल तर कापसाचं वस्तुमान जास्त आहे.

हा पोरखेळ नाही. प्रयोगशाळेतली प्रमाण वजनं ८००० किलोग्रॅम प्रति घनमीटर घनतेची आणि भोवतालची हवा १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर असं धरूनच तराजूंचे आकडे बांधलेले असतात. अशा तराजूवर एक किलो पाणी ठेवलं तर आकडा सुमारे एक ग्रॅम कमी दिसतो.

आगाऊ

पण कापूस केवढा फुगलेला असतो! मग 'दोन तृतीयांश लिटर'च कसा?

तराजूकाटा

तंतूंच्या मधली हवा बाहेरच्या हवेला जोडलेली आहे, ती कोणी बाजूला सारलेली नाही. फक्त तंतूंनी व्यापलेली जागा धरायची. तोच कापूस हवाबंद, न आकसणाऱ्या पेटीत भरलात तर पेटीचं बाहेरचं आकारमान धरावं लागेल, पण मग आतली हवाही वजनात येते. आकारमान कशाचं मोजतोय हे आधी ठरवायचं. घनतेच्या बहुतेक चुका भागाकारात होत नाहीत, या ठरवण्यात होतात.

त्रिज्या

याला जोडून भाचीच्या 'बदलते तरी कधी'चं एक उत्तर. वाळूच्या कणाची, म्हणजे क्वार्ट्झची, घनता २.६५. पण कोरड्या वाळूने भांडं भरून भागाकार केला तर १.६ च्या आसपास येते, कारण मोजलेल्या आकारमानात मधल्या फटी आल्या. भांडं ठोकलं की वाळू खाली बसते. वस्तुमान तेच, आकारमान कमी, ढिगाची घनता जास्त. कणाची घनता मात्र जराही बदललेली नाही.

सारख्या आकाराच्या गोळ्या कशाही ओतून हलवून बसवल्या तर जागेचा सुमारे ६४ टक्के भाग भरतो, शहाणपणाने रचल्या तर ७४ टक्के. यापेक्षा दाट रचना शक्य नाही असा अंदाज केप्लरने १६११ मध्ये मांडला. त्याची सिद्धता थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये जाहीर केली.

निळी_शाई

पदार्थांच्या घनता वेगवेगळ्या का असतात, हे अजून कोणी लिहिलेलं दिसत नाही. 'अणू जड म्हणून पदार्थ जड' असं बहुतेकांना वाटतं. हे अर्धंच उत्तर आहे.

शिसं आणि सोनं घ्या. शिशाचा अणुभार २०७, सोन्याचा १९७. एकेका अणूचं बघितलं तर शिसं जड. तरीही सोन्याची घनता १९.३ आणि शिशाची ११.३! दोन्हींच्या स्फटिकात अणूंची मांडणीसुद्धा एकाच पद्धतीची आहे, घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि सहा पृष्ठांच्या मध्यावर. फरक त्या घनाच्या बाजूत आहे. सोन्यात ती ४.०८ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग), शिशात ४.९५. बाजू २१ टक्क्यांनी जास्त दिसते, पण तिचा घन केला की आकारमान १.७९ पट होतं. वस्तुमान १.०५ पट, आकारमान १.७९ पट, भागाकार करा, सोन्याची घनता शिशाच्या १.७ पट यायला हवी. १९.३ ला ११.३४ ने भागून बघा.

सर्वांत जास्त घनतेचं मूलद्रव्य ऑस्मियम, २२.५९. त्याचा अणुभार १९० आहे, म्हणजे सोनं आणि शिसं दोघांपेक्षा कमी. त्याचे अणू एकमेकांना इतकं घट्ट धरून असतात की जागाच कमी लागते. दुसऱ्या टोकाला लिथियम: धातू असून घनता ०.५३, तेलावरही तरंगतो.

म्हणून भाचीला सांगताना घनतेचे दोन धागे सुटे करा: एका अणूत माल किती, आणि अणू किती दाटीवाटीने बसलेत.

अर्धविराम

हे शिसं-सोन्याचं गणित तिला आवडेल. मग तापवल्यावर अणूंमधलं अंतर वाढतं, म्हणजे घनता कमी होणार, बरोबर?

निळी_शाई

सहसा हो. पाणी २० अंशांना ०.९९८ आणि १०० अंशांना ०.९५८. पण पाण्याचा नखरा असा की ० पासून ४ अंशांपर्यंत तापवलं तर ते आकसतं. घनता सर्वांत जास्त ४ अंशांच्या जरा अलीकडे. आणि गोठलं की एकदम ०.९१७, कारण बर्फात रेणू एकमेकांना ठरावीक कोनांत धरून राहतात आणि मध्ये मोकळी जागा राहते. वस्तुमान एका ग्रॅमनेही हललेलं नसतं.

लंबक

याच आकड्यांवरून हिमनगाचं उत्तर येतं. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५. ०.९१७ ला १.०२५ ने भागा: ८९ ते ९० टक्के भाग पाण्याखाली. तरंगणाऱ्या वस्तूचा बुडालेला हिस्सा म्हणजे दोन घनतांचं गुणोत्तर. वस्तुमान किंवा आकारमान वेगळं कळण्याची गरजच पडत नाही.

कोरडा_समास

मला भाचीचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. 'भागाकार करून काढतात म्हणून नुसता हिशोब' हे मला मान्य नाही.

हायड्रोमीटर बघा. खाली वजन भरलेली काचेची नळी द्रवात सोडायची, ती जिथपर्यंत बुडते तिथला आकडा वाचायचा. घनता थेट मिळाली. द्रवाचं वस्तुमान किती, भांड्यात तो किती लिटर आहे, काही माहीत नाही आणि लागतही नाही. नळीच्या दृष्टीने घनता ही पहिल्या हाताची गोष्ट आहे.

इतिहास तर याहून गमतीचा आहे. आपण म्हणतो वस्तुमान मूळ राशी आणि घनता साधित. पण खुद्द किलोग्रॅम घनतेतून जन्मला. फ्रान्समध्ये १७९५ मध्ये ग्रॅमची व्याख्या केली ती 'वितळत्या बर्फाच्या तापमानाला एक घन सेंटीमीटर शुद्ध पाणी' अशी. १७९९ मध्ये प्लॅटिनमचा किलो घडवला तो ४ अंशांच्या पाण्यावरून. पाण्याची घनता १ येते तो निसर्गाचा योगायोग नाही, माणसांनी ती तशी बसवली.

आणि अगदी तंतोतंत बसलीही नाही. १९०१ मध्ये लिटरची व्याख्या 'एक किलो पाण्याचं महत्तम घनतेच्या वेळचं आकारमान' अशी केली. पुढे मोजमाप सुधारलं तेव्हा हा लिटर १००० नव्हे तर १०००.०२८ घन सेंमी भरतो असं दिसलं. दोन किंचित वेगळे लिटर नांदू लागले. शेवटी १९६४ मध्ये ती व्याख्या रद्द करून लिटर पुन्हा सरळ १००० घन सेंमी केला. २०१९ पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या राशीवर, टेकलाय, पाण्याचा संबंध संपला.

पारा

कोरडा_समास यांच्याशी सहमत. घनता नुसता हिशोब असती तर तिने एवढे शोध लावले नसते.

आर्किमिडीज आणि मुकुटाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: राजाच्या सोन्याच्या मुकुटात कारागिराने चांदी मिसळली का, ते शोधायचं होतं. ती आपल्यापर्यंत आली रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसच्या लिखाणातून, आर्किमिडीजनंतर सुमारे दोनशे वर्षांनी. त्यात मुकुट भांड्यात बुडवून सांडलेलं पाणी मोजलं असं सांगितलंय. हिशोब करून बघा. एक किलो शुद्ध सोनं ५१.८ घन सेंमी. त्यात ३० टक्के चांदी (घनता १०.५) मिसळली तर ६४.८. फरक १३ घन सेंमी. मुकुट मावेल असं २० सेंमी व्यासाचं भांडं घेतलं तर पाण्याची पातळी जेमतेम ०.४ मिलिमीटरने वेगळी. एवढ्यावरून कारागिराला चोर ठरवणं कठीणच.

गॅलिलिओलाही हे पटलं नव्हतं. १५८६ मध्ये, बाविशीत, त्याने छोट्या तराजूवर एक टिपण लिहिलं: वस्तू एकदा हवेत तोलायची, एकदा पाण्यात बुडवून. वजनात जी घट येते ती सारलेल्या पाण्याची. शुद्ध सोन्याची घट ५१.८ ग्रॅम, भेसळीची ६४.८. तेरा ग्रॅमचा फरक साधा तराजूही दाखवतो. पातळीचं अवघड मोजमाप टाळून त्याने आकारमानाचा प्रश्न वजनाचा करून टाकला.

अवांतर: टंगस्टनपुढे ही युक्ती लंगडी पडते. त्याची घनता १९.२५, सोन्याच्या इतकी जवळ की किलोमागे घटीतला फरक ०.१५ ग्रॅमसुद्धा नाही. तिथे ध्वनीचा वेग तपासावा लागतो, कारण तो दोन्ही धातूंत खूप वेगळा आहे. घनता जुळली म्हणजे पदार्थ तोच असं नाही. जुळली नाही तर मात्र तो शुद्ध पदार्थ नक्की नाही.

त्रिज्या

शोधांच्या यादीत रेलेला विसरू नका! माझ्या मते ही घनतेची सर्वांत भारी गोष्ट.

१८९२ मध्ये लॉर्ड रेले नायट्रोजनची घनता काटेकोर मोजत होते. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून उरलेला नायट्रोजन लिटरला १.२५७ ग्रॅम भरत होता, अमोनियासारख्या संयुगांपासून बनवलेला १.२५१. फरक अर्ध्या टक्क्याचा. दुसऱ्या कोणी 'प्रयोगातली चूक' म्हणून सोडून दिला असता. रेलेंनी 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात पत्र लिहून कारण सुचवायचं आवाहन केलं. १८९४ मध्ये त्यांनी आणि विल्यम रॅम्झे यांनी उत्तर जाहीर केलं: हवेतल्या नायट्रोजनमध्ये एक अनोळखी वायू दडलाय, आर्गॉन. हवेत तो एक टक्क्याच्या जरा आत आहे. नायट्रोजनचा रेणुभार २८, आर्गॉनचा ४०, आणि तेवढ्या मिसळीने घनता अर्धा टक्का वाढते. १९०४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल रेलेंना, रसायनशास्त्राचं रॅम्झेंना.

कॅव्हेंडिशचा १७९८ चा, शिशाच्या गोळ्यांमधलं गुरुत्वाकर्षण मोजण्याचा प्रयोगही तसाच. लोक म्हणतात त्याने गुरुत्वस्थिरांक मोजला. त्याच्या निबंधाचा विषय होता पृथ्वीची घनता! उत्तर आलं पाण्याच्या ५.४८ पट, आजचा आकडा ५.५१. पायाखालचे खडक २.७ च्या आसपास, म्हणजे आत कुठेतरी बरंच जड काही असणार. भूगर्भात न शिरता एवढं कळलं.

आगाऊ

वायूंचा विषय निघालाच आहे तर सांगा, दमट हवा जड असते ना? गुदमरायला होतं म्हणून विचारतोय.

त्रिज्या

उलटं आहे. तापमान आणि दाब सारखे असतील तर सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखीच, हे ॲव्होगॅड्रोचं १८११ चं गृहीतक. वाफेचा रेणू (१८) आत आला की नायट्रोजनचा (२८) किंवा ऑक्सिजनचा (३२) कोणीतरी बाहेर. म्हणजे दमट हवा कोरडीपेक्षा हलकी. गुदमरतं ते घाम सुकत नाही म्हणून.

अर्धविराम

वाखूसा (वाचनखूण साठवली). आता माझीच एक शंका. मिश्रणाची घनता काढताना दोन घनतांची सरासरी घेतली तर चालते का? भाचीच्या वहीत तसं केलेलं दिसलं.

लंबक

कशाचे समान भाग घेतलेत त्यावर आहे. सोनं आणि चांदी समान आकारमानात घेतलं तर साधी सरासरी चालेल: (१९.३ + १०.५) ÷ २ = १४.९. समान वस्तुमानात घेतलं तर नाही. प्रत्येकी १०० ग्रॅम घ्या: सोन्याचं आकारमान ५.१८, चांदीचं ९.५२, एकूण १४.७०. २०० ला १४.७० ने भागलं की १३.६. चांदीने जास्त जागा अडवली, म्हणून तिचं पारडं जड. तिला सांगा, घनतांची बेरीज करायची सवयच नको. वस्तुमानांची एकूण, आकारमानांची एकूण, आणि मग एकदाच भागाकार.

निळी_शाई

यातही एक खोच आहे. वस्तुमानांची बेरीज होतेच, आकारमानांची होईलच असं नाही. ५० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिलिटर शुद्ध इथेनॉल ओता. १०० होत नाहीत, ९६-९७ च्या आसपास भरतं. वेगळ्या रेणूंची जवळीक बदलली की आकारमान आकसतं. शाळेच्या गणितात बेरीज धरतात ती सोयीसाठी.

तराजूकाटा

पोकळ वस्तूंचं एक उदाहरण तिला नक्की द्या. लोखंडी गोळा, वस्तुमान ५०० ग्रॅम, बाहेरून आकारमान २०० घन सेंमी. भागाकार २.५, ॲल्युमिनियमहून कमी! लोखंडाला लागणारी जागा ५०० ÷ ७.८७ = ६३.५ घन सेंमी, म्हणून आत १३६.५ घन सेंमी पोकळी. गोळा बुडेल की तरंगेल ते २.५ ठरवणार, कशाचा आहे ते ७.८७ सांगणार. पोलादी जहाज तरंगतं ते याच सरासरीमुळे.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. शेवटचं: किल्लीसारखी वेडीवाकडी, छोटी वस्तू घरच्या साध्या डिजिटल काट्यावर कशी मोजायची? मोजपात्रात पातळी हलल्यासारखीही दिसत नाही.

पारा

गॅलिलिओची युक्ती उलटी करा. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा. किल्ली दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तेवढे ग्रॅम पाणी किल्लीने सारलं, म्हणजे तेवढे घन सेंमी तिचं आकारमान. आता दोरा सैल सोडून किल्ली तळाला टेकवा. आता दिसेल ते वस्तुमान. भागाकार करा. किल्लीला चिकटलेले बुडबुडे आधी झटकून टाका, नाहीतर आकारमान फुगेल. काटा एकेक ग्रॅमच दाखवत असेल तर एकसारख्या किल्ल्यांचा जुडगा एकदम बुडवा.

अर्धविराम

केलं. आता ती विचारतेय, किल्ली मी दोऱ्याने हातात धरलेली आहे, तिचा भार काट्यावर नाहीच, मग आकडा वाढतो का?

लंबक

पाणी किल्लीला जेवढ्या बलाने वर ढकलतं, तेवढ्याच बलाने किल्ली पाण्याला खाली ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम. तेवढा भार भांड्यातून काट्यावर उतरतो आणि बाकीचा तिच्या हातात राहतो. दोरा स्प्रिंगच्या काट्याला बांधून बघा, इकडे जेवढा आकडा वाढेल तेवढाच तिकडे कमी होईल.